तांबड्या एलमधील काळ्या धान्याची पार्श्वभूमी

आयरिश पद्धतीच्या तांबड्या एल या बिअरच्या बहुतेक पाककृतींत एक घटक इतका थोडा असतो, की तो किलोऐवजी ग्रॅममध्ये मोजावा लागतो. वीस लिटरच्या एका खेपेला चार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेला फिकट सातू) आणि त्यासोबत साठ ते ऐंशी ग्रॅम काळपट होईपर्यंत भाजलेला सातू, म्हणजेच रोस्टेड बार्ली, असे हे प्रमाण असते. नाशिककरांना वाइनची प्रक्रिया परिचयाची आहे. लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतून उतरतो. बिअरचा रंग मात्र मुख्यतः धान्याला लागलेल्या आचेतून येतो. त्यामुळे या मूठभर धान्यात फेरफार करण्यापूर्वी ते पाककृतीत कशासाठी आले, हे माहीत असणे मला अत्यावश्यक वाटते.

अठराव्या शतकात लंडनची पोर्टर ही गडद बिअर ब्राउन माल्टपासून बनत असे. हा माल्ट भट्टीवर तीव्र आचेने वाळवलेला असल्याने रंग आणि चव दोन्ही त्याच्यातूनच मिळत. शतकाच्या उत्तरार्धात द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर वापरात आला आणि वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, नेमकी किती साखर उतरली, हे ब्रूअरना प्रथमच मोजता येऊ लागले. ब्राउन माल्टचा उतारा पेल माल्टपेक्षा बराच कमी आहे, हे या मोजमापातून उघड झाले. माल्टवर १६९७ पासून कर होता, त्यामुळे कमी उताऱ्याचा माल वापरणे म्हणजे उघड तोटा होता. ब्रूअर पेल माल्टकडे वळले. पण त्यामुळे बिअर फिकी दिसू लागली आणि गिऱ्हाइकाला तर गडद पोर्टरच हवी होती. ही उणीव भरून काढण्यासाठी जळक्या साखरेचा रंग मिसळला जाऊ लागला. १८११ मध्ये ब्रिटिश संसदेने त्याला परवानगी दिली आणि १८१६ मध्ये ती काढूनही घेतली.

या कोंडीतून डॅनियल व्हीलर यांनी वाट काढली. १८१७ साली त्यांनी फिरत्या लोखंडी पिंपात माल्ट भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पिंप आचेवर सतत फिरत राहिल्याने दाणा सर्व बाजूंनी सारखा भाजला जाई आणि सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या वर नेऊनही तो पेट घेत नसे. आपल्याकडे भडभुंजा तापलेल्या वाळूत फुटाणे सतत हलवत ठेवतो, तेव्हा तोही हेच साधत असतो. या माल्टची अल्पशी मात्रा संपूर्ण खेपेला रंग देण्यास पुरत असे आणि तो माल्टच असल्यामुळे कायद्याचाही भंग होत नसे. बिअरमध्ये रंगासाठी वेगळे आणि साखरेसाठी वेगळे धान्य घालण्याची पद्धत या शोधामुळे रुजली. तांबड्या एलची आजची पाककृती त्याच विभागणीवर उभी आहे.

रोस्टेड बार्लीसारखा मोड न आणलेला सातू वापरण्याची मुभा मात्र बरीच उशिरा मिळाली. अशा धान्यावर माल्टचा कर लागू होत नसल्याने सरकारने त्याला बंदी घातली होती. १८८० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून बिअरवर कर बसवला, तेव्हा ही बंदी उठली. त्याच सुमारास जोसेफ लव्हिबॉन्ड या ब्रूअरने रंगीत काचांशी तुलना करून बिअरचा रंग मोजण्याचे उपकरण विकसित केले. धान्याच्या पोत्यावर आजही त्यांच्याच नावाचे अंश छापलेले आढळतात.

हे अंश न पाहता केवळ वजन बदलले, तर अंदाज हमखास चुकतो. वर सांगितलेल्या खेपेत ५०० लव्हिबॉन्डचे ८० ग्रॅम धान्य घातल्यास बिअरचा रंग गणिताने साधारण साडेअकरा एस.आर.एम. (बिअरचा रंग मोजण्याचे एकक) येतो. आयरिश तांबड्या एलची सर्वमान्य मर्यादा ९ ते १४ आहे. तेच धान्य ४० ग्रॅमवर आणले, तर रंग आठच्या आसपास येऊन बिअर गडद सोनेरी दिसते. १६० ग्रॅम घातले, तर तो साडेसतराच्या पुढे जाऊन तांबडेपणा तपकिरीत हरवतो. बाजारात ३०० लव्हिबॉन्डचे धान्य मिळाले, तर त्याच रंगासाठी सुमारे १३३ ग्रॅम लागेल. रंग तोच राहिला तरी चव तीच राहील, असे नाही. केवळ रंग हवा असेल, तर साल काढून भाजलेला माल्ट घेणे मला अधिक योग्य वाटते. त्यात करपट कडवटपणा कमी असतो. दुसरा मार्ग म्हणजे काळे धान्य मॅशच्या, म्हणजे दळलेले धान्य गरम पाण्यात मुरवण्याच्या, शेवटच्या टप्प्यात मिसळणे, किंवा रात्रभर थंड पाण्यात भिजवून त्याचा अर्क वर्टमध्ये घालणे.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यासाठी बिअर बनवण्यास परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बनवता येत नाही. त्यामुळे नाशिकमधील अभ्यासकाने हे प्रयोग परवानाधारक मायक्रोब्रूवरीतच करणे आवश्यक आहे.

तेथेही पाण्याचा प्रश्न येतोच. काळे धान्य आम्लधर्मी असल्याने ते बायकार्बोनेटयुक्त पाण्याचा अल्कधर्मीपणा कमी करते, हे खरे आहे. डब्लिनच्या पाण्याला स्टाउट ही गडद बिअर मानवली, ती याच कारणाने. तथापि तांबड्या एलमध्ये काळ्या धान्याचे प्रमाण जेमतेम दोन टक्के असते आणि तेवढ्याने मॅशचा पीएच फारसा हलत नाही. नाशिकच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. ते जास्त असल्यास पीएच ५.२ ते ५.६ या पट्ट्यात आणण्यासाठी लॅक्टिक आम्ल वापरावे लागते. ते न करता काळे धान्य वाढवत नेले, तर रंग मर्यादेबाहेर जातो आणि पीएच मात्र चढाच राहिल्याने सालीतील तुरटपणाही बिअरमध्ये उतरतो.