बांगडा कडक तळला की त्यातलं विष मरतं?

‘जरा नरम पडलेला बांगडा असला तरी हळद-मीठ, आगळ लावून कडक तळा, काही होत नाही’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. तो चुकीचा आहे.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात, बर्फाविना राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू वाढतात आणि त्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात; हेच ते ‘विष’. तळताना जिवाणू मरतात, पण हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. ते उकळून, तळून किंवा गोठवूनही जात नाही. हळदीत जिवाणूरोधक गुण आहेत हे खरं, पण तयार झालेल्या हिस्टामिनवर त्यांचा इलाज चालत नाही.

वासावरही विसंबू नका. हिस्टामिनला स्वतःचा वास नसतो. कधीकधी पहिल्याच घासाला जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरते. तो घास तिथेच टाका. एरवी काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. अनेकजण याला माशाची ॲलर्जी समजून बांगडा कायमचा सोडतात! धाप लागली किंवा छातीत धडधडलं तर लगेच दवाखाना गाठा.

बाजारातून निघतानाच किलोभर माशाला किलोभर चुरा बर्फ घ्या. घरी आल्याआल्या कल्ले-आतडी काढा, धुवा, 4 अंशांखाली ठेवा. गोठवलेला मासा ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्येच सुटू द्या.