बेडखालची पिशवी बघा: आयसीयू आणि किडनी

आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांचं सगळं लक्ष बीपी, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर कधी काढणार याकडे असतं, साहजिकच आहे, पण बेडखाली लटकणारी लघवीची पिशवी पण तेवढीच महत्त्वाची असते. सिस्टर दर तासाला त्यात किती एमएल जमलं ते लिहून ठेवतात. हिशोब सोपाय, दर किलो वजनाला तासाला अर्धा एमएल, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० एमएल तरी व्हायला हवी, सलग सहा तास त्याहून कमी झाली तर किडनीला अचानक इजा झाली असं धरतात. रक्तातलं क्रिएटिनिनही, म्हणजे किडनी एरवी लघवीतून बाहेर टाकते तो कचरा, बघतात, पण ते उशिरा वाढतं, तोवर किडनीचं बरंच काम थांबलेलं असतं.

आणि हे क्वचित होतं असं अजिबात नाही. २०१५ मध्ये ३३ देशांतल्या आयसीयूंचा एक अभ्यास आला, त्यात ५७ टक्के पेशंटना ही इजा झालेली होती!

किडनीच का? दोन्ही मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. आणि एवढं रक्त येऊनही किडनीच्या आतल्या भागाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो, त्यामुळे बीपी पडलं की तो भाग लगेच अडचणीत येतो. सगळ्यात मोठं कारण सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनने सगळं शरीरच बिघडणं, त्यात तर बीपी ठीक दिसत असतानाही किडनी बसू शकते.

वय झालेलं, डायबेटीस, जुनं बीपी, हार्ट किंवा लिव्हरचा आजार, किडनी आधीच अधू, अशा माणसाला धोका जास्त. त्यात औषधांची भर पडते. अमिकासिन, कोलिस्टिन ही अँटिबायोटिक्स किडनीला जड जातात, पण जंतू दुसऱ्या कशाला दाद देत नसतील तर डॉक्टरांना ती द्यावीच लागतात, त्यात त्यांची चूक नसते. सलाईनचंही तसंच, कमी पडलं तरी त्रास आणि जास्त झालं तरी किडनीला सूज.

आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असतोच, २००५ च्या जुलैच्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. लेप्टोत गंमत नाही, घात असा की लघवी बऱ्याचदा नीट होत राहते आणि किडनी मात्र बिघडत असते, म्हणून तिथे नुसत्या पिशवीवर विसंबून चालत नाही, रक्त तपासावंच लागतं. घोणस चावल्यावरही किडनी जाते, म्हणून मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.

घरच्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. तापात अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून दिलेलं असतं, किंवा कुणाचा काढा, भस्म चालू असतं, आणि रागावतील म्हणून ते सांगितलंच जात नाही. यानेही किडनी बिघडू शकते, म्हणून डॉक्टरांना कृपया सांगा. आणि जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर तो घेऊन जा, कारण आजचं १.८ हे कालपर्यंत ०.९ होतं की गेली पाच वर्षं १.७ च आहे, हे डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळतं.