विंडो गोठते ती रॅममुळे नव्हे
इंदूरला भंवरकुआंच्या क्लासांपासून घरच्या शिकवणीपर्यंत एक समजूत पक्की आहे: पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामची विंडो बटण दाबल्यावर गोठली की रॅम वाढवा, नाहीतर पायथॉन सोडा. दोन्ही चुकीचं.

टीकिंटरमध्ये, म्हणजे पायथॉनच्या विंडो बनवायच्या लायब्ररीत, विंडो रंगवणं, क्लिक ओळखणं, तुमचं फंक्शन चालवणं, सगळं मेनलूप (सतत फिरणारं मुख्य चक्र) एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, एकामागून एक करतो. बटणाच्या फंक्शनात टाइम.स्लीप(8), म्हणजे 8 सेकंद थांबायची आज्ञा, लिहून बघा. 32 जीबी रॅमवरही विंडो 8 सेकंद मुकी राहील. त्या वेळातले क्लिक सहसा हरवत नाहीत, रांगेत साचतात आणि नंतर धडाधड चालतात. सराफ्यातल्या दुकानाचं बिलिंग असेल तर पावती दोनदा निघते ती अशी.

फंक्शनात मध्येच अपडेट() बोलावून साचलेले क्लिक आणि रंगकाम उरकून घेणं हा उपाय नाही. तेवढ्यात दुसरा क्लिक शिरतो आणि अर्धवट फंक्शनाच्या पोटात तेच पुन्हा सुरू होतं. आधी बटण डिसेबल करा. फाइल वाचणं, नेटवरून माहिती आणणं वेगळ्या थ्रेडला द्या, निकाल क्यूमध्ये, म्हणजे दोन थ्रेडमधल्या रांगेत, टाका. ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारं आफ्टर() वापरून दर 100 मिलिसेकंदांनी क्यू तपासा आणि लेबल, म्हणजे विंडोतला मजकूर, मेनलूपच्या मुख्य थ्रेडमधूनच बदला. पायथॉनमधल्या जड आकडेमोडीला मात्र थ्रेड सहसा पुरत नाही, वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, लागते.