दाइकोकु पार्किंग एरिया

जपानमधील योकोहामा शहराच्या त्सुरुमी प्रभागात, समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या दाइकोकु फुतो या बेटावरचा द्रुतगती मार्गाचा थांबा. टोकियो परिसरातील शुतो एक्सप्रेसवेच्या जाळ्यातला खाडीकाठचा ‘वानगान’ मार्ग आणि दाइकोकु मार्ग जिथे एकमेकांना मिळतात, त्या जंक्शनच्या गोल वळशांच्या पोटात तो आहे. मध्य टोकियोपासून अंतर सुमारे ३० किमी. चालकाने इथे यावे, स्वच्छतागृहात जावे, काहीतरी गरम प्यावे, डुलकी काढावी आणि पुढे निघावे, एवढाच त्याचा अधिकृत उद्देश. आपल्या खालापूरच्या फूड मॉलपेक्षा वेगळे असे त्यात कागदोपत्री काही नाही. तरीही मोटारींचे वेड असलेला माणूस जपानला निघाला की क्योटोच्या देवळांआधी या थांब्याचे नाव वहीत लिहितो. चाहत्यांच्या तोंडी तो नुसता ‘दाइकोकु’.

नाव

‘फुतो’ म्हणजे बंदराचा धक्का. ‘दाइकोकु’ ची दोन अक्षरे ‘मोठा’ आणि ‘काळा’ या अर्थाची आहेत, आणि जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी एकाचे नाव त्याच अक्षरांनी लिहितात. हा देव मूळचा आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो जपानात पोचला, पण पोचेपर्यंत त्याचे रौद्र रूप पार गळून पडले. तिथला दाइकोकु तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा, हातात नशिबाचा हातोडा धरलेला गुबगुबीत धनदेव आहे. उज्जैनला जाऊन आलेल्या माणसाला तो दाखवला तर ओळख पटणार नाही.

मराठी वाचकाच्या कानावरून हे नाव आणखी एका कारणाने गेले असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनामुळे अडकून पडलेले ‘डायमंड प्रिन्सेस’ हे प्रवासी जहाज याच दाइकोकु धक्क्याला लागले होते, आणि त्यावरच्या कर्मचाऱ्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. एरवी हा धक्का योकोहामा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मोटारींसाठी ओळखला जातो. म्हणजे वरच्या थांब्यावर लोक जुन्या गाड्या बघत उभे असतात, आणि खाली नव्या गाड्या बोटीत चढत असतात.

रचना

योकोहामा बे ब्रिज हा ८६० मी. लांबीचा, ४६० मी. मधल्या गाळ्याचा केबलपूल २७ सप्टेंबर १९८९ रोजी खुला झाला आणि दाइकोकु बेट द्रुतगती मार्गाला जोडले गेले. थांबाही त्याच वर्षीचा. दुसऱ्या बाजूचा त्सुरुमी त्सुबासा पूल १९९४ मध्ये आला. त्याचा मधला गाळा ५१० मीटरचा असून केबलची एकच रांग मधोमध उभी आहे. दोन्ही पुलांवरून उतरणारे रस्ते बेटावर एकावर एक चढलेल्या वळशांनी फिरत येतात, आणि त्या वळशांच्या आत उरलेल्या मोकळ्या जागेत गाड्या लावायला पट्टे आखलेले आहेत. तिथे उभे राहून वर पाहिले की चारही बाजूंनी काँक्रीटचे कठडे वळत गेलेले दिसतात. आखाड्याच्या तळाशी उभे राहिल्यासारखे वाटते.

या रचनेतली कळीची गोष्ट अशी की थांब्यावर फक्त द्रुतगती मार्गावरूनच येता येते. गावातून येणारा रस्ता नाही, बस नाही, रेल्वे स्थानक नाही. जो आत आहे तो गाडीतूनच आलेला आहे. मोटारींचा मेळा भरवायचा म्हणून कोणी मुद्दाम नकाशा काढला असता तर याहून चांगला जमला नसता.

टोलच्या हिशेबानेही मदतच केली. शुतो एक्सप्रेसवेवर टोल साधारणपणे आत शिरल्याच्या आणि बाहेर पडल्याच्या ठिकाणांमधल्या जवळच्या अंतरावर आकारतात, मधे किती वळसे घेतले यावर नाही. त्यामुळे घरापासून निघून दाइकोकुला तास-दोन तास घालवून, घराजवळच्याच दुसऱ्या फाट्याने उतरणाऱ्याला भुर्दंड फारसा पडत नाही.

१९८९ आणि नंतर

हा थांबा नेमका कोणत्या वर्षी उघडला याला महत्त्व आहे. १९८९ हे जपानच्या फुगलेल्या अर्थव्यवस्थेचे शिखर. वर्षाच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला, आणि पुढची अनेक दशके त्याला तो आकडा पुन्हा दिसला नाही. त्याच ऑगस्टमध्ये निसानने स्कायलाइन जीटी-आरची आर३२ ही पिढी विक्रीला आणली. माझदाची दोन आसनी रोडस्टर, निसानचीच फेअरलेडी झेड, टोयोटाची सेल्सिओर ही सगळी त्याच वर्षातली बाळे. होंडाची एनएसएक्स वर्षभराने आली. मोटार कंपन्यांकडे पैसा उतू जात होता आणि अभियंत्यांना कोणी अडवत नव्हते.

अडवत होते ते एका आकड्याला. वाढते अपघात पाहून सरकारी नियम येण्याआधीच कंपन्यांनी आपापसात ठरवले, की कोणत्याही गाडीची ताकद २८० पीएसच्या (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) पुढे जाहीर करायची नाही. हा सभ्य गृहस्थांचा करार २००४ पर्यंत टिकला. वेगही १८० किमीला बांधून ठेवत. जाहिरातीत २८० लिहिलेली जीटी-आर मोजायला घेतली की बऱ्याचदा जास्त भरे, हे उघड गुपित होते. बांधलेला वेग सोडवून देणारी दुकाने उभी राहिली, आणि वानगानच्या सरळसोट, रात्री ओस पडणाऱ्या सुमारे ६२ किमी रस्त्याने बाकीचे काम केले. तिथे वेगमर्यादा ८० आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत तिच्या तिप्पट वेगाने धावणाऱ्या टोळ्यांच्या दंतकथा झाल्या. त्यांतली माणसे मेलीही, आणि ज्यांचा शर्यतीशी संबंध नव्हता असेही काही त्यांत गेले. दंतकथा सांगणारे हा भाग सहसा गाळतात. आजच्या दाइकोकुवर शर्यत नसते. गाड्या उभ्या असतात, माणसे फिरत असतात.

तिथे दिसते ते

दाइकोकुचे आकर्षण एकाच प्रकारच्या गाड्यांत नाही, शेजारांत आहे. फेरारीच्या बाजूला भाजी वाहायचा छोटा ट्रक, त्याच्या पलीकडे १९७० च्या दशकातली स्कायलाइन. प्रत्येक पंथाची आपली भाषा. जुन्या गाड्या म्हणजे ‘क्यूशा’. जमिनीला टेकवलेली गाडी म्हणजे ‘शाकोतान’. तिच्या बंपरला पुढे आलेला पत्रा जोडला तर त्याला ‘देप्पा’ म्हणतात, म्हणजे पुढे आलेले दात. आभाळाकडे रोखलेला लांब सायलेन्सर ‘ताकेयारी’, बांबूचा भाला. चाके खालून बाहेर फाकवलेली काळी मोठी सेडान ‘बिप्पू’ पंथाची. व्हीआयपी या अक्षरांचा तो जपानी उच्चार, आणि अशा गाड्यांचा थाट पूर्वी गुंडांच्या गाड्यांवरून उचललेला. कार्टूनमधल्या नायिकांच्या चित्रांनी मढवलेली गाडी ‘इताशा’. त्यातल्या ‘इता’चा अर्थ दुखणे. बघणाऱ्याच्या डोळ्यांना आणि मालकाच्या खिशाला, असा खुलासा मालक स्वतःच हसत करतात. चंदेरी पत्रे आणि शेकडो दिवे लावलेले ‘देकोतोरा’ ट्रक आले की बाकी सगळे फिके पडतात. आपल्याकडच्या नटवलेल्या ट्रकचे हे सख्खे भाऊ, फक्त वीजबिल जास्त.

या गर्दीत पिवळ्या नंबरप्लेटची छोटी गाडी भारतीयाने जरूर शोधावी. ही ‘केई’, जपानी नियमांतला सर्वांत छोट्या मोटारींचा वर्ग. लांबी ३.४ मी., रुंदी १.४८ मी., इंजिन ६६० सीसीपर्यंत, ताकद ६४ पीएसपर्यंत. हा ६४ चा आकडा आला १९८७ च्या सुझुकी अल्टो वर्क्समधून. तेव्हा केईला ५५० सीसीचीच मुभा होती, आणि सुझुकीने तेवढ्यात टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून ६४ पीएस काढले. पुढे कोणी जाऊ नये म्हणून तीच मर्यादा ठरली. डिसेंबर १९८३ मध्ये भारतात आलेली मारुती ८०० ही याच अल्टोच्या घराण्यातली, ७९६ सीसीचे इंजिन घातलेली. आपण जिला मध्यमवर्गाची पहिली गाडी म्हणून आठवतो, तिच्या चुलत बहिणीला तिथे कोणी शर्यतीच्या खुर्च्या घालून, बॉनेटवर हवेचा कान काढून, लाडाने पुसत उभा असतो.

जवळ जाऊन पाहावे असे आणखी एक. जुनी टर्बो गाडी येऊन थांबते, मालक किल्ली काढतो, दार लावतो आणि निघून जातो. इंजिन मात्र चालूच. डॅशबोर्डवरच्या काडेपेटीएवढ्या डब्यात लाल आकडे उलटे मोजत असतात, आणि शून्य आले की गाडी स्वतःच बंद होते. हा टर्बो टायमर. जोरात पळवून आणलेला टर्बो तापून लाल झालेला असतो. इंजिन एकदम बंद केले की त्याच्या बेअरिंगमधले तेल वाहायचे थांबते आणि तिथेच जळून बसते, म्हणून ही शेवटची मिनिटभराची उसंत. नव्या गाड्यांना त्याची फारशी गरज नसते, पण तो डबा असला की गाडी आपल्या काळातली आहे हे कळते.

बाकी खाण्यापिण्याचे म्हणाल तर उपाहारगृह आहे, दुकान आहे आणि पेयांची यंत्रे आहेत. यंत्रावर लाल पट्टी असली की कॅन गरम, निळी असली की थंड. हिवाळ्यात समुद्रावरून वारा सुटला की निम्मे लोक लाल पट्टीची कॉफी प्यायच्या आधी दोन्ही हातांत धरून उभे असतात.

इथेच का

जपानी शहरात गाडी रस्त्याकडेला रात्रभर लावता येत नाही. गाडी नावावर करण्याआधी घरापासून २ किमीच्या आत जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. हा कायदा १९६२ पासूनचा. मग नवी खाजगी मोटार ३ वर्षांनी आणि त्यानंतर दर २ वर्षांनी ‘शाकेन’ या सक्तीच्या, खर्चिक तपासणीतून जाते. एवढे सगळे करून हौसेची गाडी ठेवणाऱ्याला ती दाखवायला अंगण नसते, आणि गल्लीत चार मित्र जमले तर शेजारी तक्रार करतात. मोठी, उजेड असलेली, स्वच्छतागृह असलेली आणि शेजारी नसलेली जागा त्याला हवी असते. बेटावर शेजारी नाहीत.

पोलीस मात्र आहेत. ज्या रचनेमुळे हौशी इथे जमतात, तिच्यामुळेच त्यांना घालवणेही सोपे जाते. आत येण्याचा रॅम्प अडवला, मार्गावरच्या फलकावर ‘दाइकोकु बंद’ झळकले, की नवी गाडी येऊच शकत नाही. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी हे वारंवार घडते. ज्यांना आरडाओरड आणि गर्दी नको असते, असे जुन्या गाड्यांचे वयस्क मालक म्हणूनच रविवारी सकाळी येतात. खरे दर्दी पाहायचे तर सकाळच बरी, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

पर्यटकांसाठी

अमेरिकेत २५ वर्षे जुनी गाडी बाहेरून आणता येते, त्यामुळे जानेवारी १९९९ ची आर३४ जीटी-आर २०२४ पासून तिकडे वाट धरू लागली आणि जपानात तिच्या किमती चढल्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती ३ वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणजे नव्वदच्या दशकातली स्कायलाइन भारतीय चाहत्याला पाहायची असेल तर त्यालाच तिकडे जावे लागते.

जाण्याचे मार्ग तीन. गाडी भाड्याने घेणे सर्वांत चांगले. जपानात वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात असल्याने आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. टोलसाठी भाड्याच्या गाडीबरोबर ईटीसी कार्ड, म्हणजे न थांबता टोल भरणारे कार्ड, मागून घ्यावे. भाड्याच्या गाडीच्या पाटीवर बहुधा ‘वा’ हे अक्षर असते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे तिथल्या जुन्या गड्याला लांबूनच कळते.

दुसरा मार्ग म्हणजे स्थानिक चालकाने आपल्या स्पोर्ट्स कारमधून नेणे. असे दौरे टोकियोतून निघतात. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला जपानात साधारणपणे हिरवी पाटी लागते. अशा दौऱ्यात पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे देऊन बसणे म्हणजे बेकायदा टॅक्सीत बसणे, हे आधी पाहून घ्यावे. तिसरा मार्ग टॅक्सीचा, आणि तो टाळावा. टॅक्सी सोडून जाते, पण परतीची मिळणे अवघड, आणि तिथून चालत बाहेर पडायला वाट नाही.

गाडीला हात लावू नये. फोटोआधी मालकाकडे पाहून मान झुकवावी, तो बहुधा हसून बाजूला होतो. नंबरप्लेट झाकल्याशिवाय फोटो कुठे टाकू नये, तिथे तशी रीत आहे. इंजिन गुरगुरवायला सांगणे हा सर्वांत मोठा आगाऊपणा, कारण थांबा बंद होतो तो त्याच आवाजापायी. बंद करायची वेळ आली की पोलिसांची गाडी दिवे लावून हळूहळू फिरू लागते आणि भोंग्यावरून घोषणा होते. घोषणा जपानीत असते. शेजारची इंजिने एकामागून एक सुरू होऊ लागली की अर्थ आपोआप कळतो.