फोस्टर केअर: समितीच्या आदेशाआधी मुलाचे म्हणणे कसे नोंदवावे

फोस्टर केअरच्या, म्हणजे मुलाला दत्तक न देता काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवण्याच्या अर्जात त्या कुटुंबाचे घर, उत्पन्न, आरोग्य, पोलीस पडताळणी असे सारे काटेकोर तपासले जाते. ज्याला त्या घरात राहायचे आहे त्याचे मत मात्र बऱ्याचदा ‘बालकाची संमती आहे’ एवढ्या एका ओळीत उरकले जाते. ही ओळ पुरेशी नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 3 नुसार आपल्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात म्हणणे मांडण्याचा हक्क मुलाला आहे. त्याचे वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्यायचे असते.

कोणासाठी? काळजी व संरक्षणाची गरज असलेले आणि बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्यातील समितीपुढे) आलेले मूल. समितीने दत्तकयोग्य मानलेले मूल दीर्घ मुदतीच्या फोस्टर केअरमध्ये देता येत नाही (कलम 44). राज्य शासनाची बाल संगोपन योजना वेगळी आहे. दोन्हींचे अर्ज एकत्र करू नयेत.

कागदपत्रे. मुलाच्या फायलीत वयाचा पुरावा, शाळेचा व आरोग्याचा तपशील, सामाजिक तपासणी अहवाल आणि बालक अभ्यास अहवाल असावा. कुटुंबाकडून ओळख, पत्ता, उत्पन्न व आरोग्याचे दाखले आणि विवाहित असल्यास विवाह प्रमाणपत्र घेतले जाते. मुलाचे म्हणणे बालक अभ्यास अहवालात त्याच्याच शब्दांत लिहावे आणि तारीख टाकावी.

संवाद. खरी अडचण इथेच येते. होऊ घातलेल्या पालकांसमोर किंवा बालगृहाच्या अधीक्षकांसमोर ‘जाशील ना?’ असे विचारले की मूल मान हलवते. त्या होकाराला अर्थ नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्याने मुलाशी वेगळे, त्याच्या भाषेत आणि एकाहून अधिक वेळा बोलावे. आधी त्याला सांगावे: हे घर कोणाचे, तिथे कोण राहते, शाळा बदलणार का, आईवडिलांची भेट कधी होणार, परत यावेसे वाटले तर कोणाला सांगायचे. मग विचारावे: कशाची भीती वाटते? कोणापासून लांब जायचे नाही? सोबत काय न्यायचे आहे? न बोलणाऱ्या मुलाकडून चित्र किंवा खुणांतून समजून घ्यावे.

भावंडांशी आधी स्वतंत्र, मग एकत्र बोलावे. त्यांच्या हिताविरुद्ध नसेल तर त्यांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करावा, असे कायदाच सांगतो. धाकट्याच्या वतीने थोरल्याने दिलेले उत्तर मात्र ग्राह्य धरू नये.

अंतिम आदेशाआधी कुटुंबाशी काही भेटी घडवाव्यात आणि प्रत्येक भेटीनंतर मुलाला पुन्हा विचारावे. पहिल्या भेटीत खाऊ आणि खेळणी असतात, त्यामुळे त्या दिवशीचे ‘हो’ कच्चे धरावे.

समितीपुढे. प्रकरणाच्या अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर लागतात. मुलाच्या मताविरुद्ध निर्णय झाला, तर कारणे आदेशात लिहावीत आणि मुलाला समजावून सांगावीत. फोस्टर केअरच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

आदेशानंतर. समितीने दरमहा कुटुंबाची पाहणी करायची असते. त्या भेटीतही मुलाशी एकट्याने बोलण्याचा आग्रह धरावा. फोस्टर पालकांच्या उपस्थितीत भरलेला तपासणी नमुना फारसे काही सांगत नाही. कुटुंब कमी पडत असल्याचे आढळले तर मुलाला दुसऱ्या कुटुंबात हलवता येते. दोन पाहण्यांच्या मध्ये त्रास झाला तर मुलाने स्वतः 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करावा. हा क्रमांक त्याला पहिल्याच दिवशी पाठ करून द्यावा.