लूप थांबला, पण अट पाळली गेली का?

फोनमधली नावं अकारविल्हे लावायची असोत की दुकानाची बिलं तारखेनुसार, पडद्यामागे अनेकदा ‘टिमसॉर्ट’ नावाची पद्धत राबत असते. टिम पीटर्स यांनी ती २००२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी लिहिली. पुढे ती जावा या दुसऱ्या भाषेने उचलली आणि अँड्रॉइडमध्येही गेली. २०१५ मध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या काही संशोधकांनी जावातला हा कोड बिनचूक आहे, हे गणिती पद्धतीने सिद्ध करायला घेतलं. सिद्धता काही केल्या जमेना. कोडच चुकीचा होता.

चूक एका लूपमध्ये, म्हणजे अट पुरी होईपर्यंत पुन्हापुन्हा फिरणाऱ्या सूचनांमध्ये होती, आणि तो लूप काय पाळतो हे त्याच्या शेजारी कमेंटमध्ये, म्हणजे वाचणाऱ्यासाठीच्या टिपेत, स्वच्छ लिहिलेलं होतं!

टिमसॉर्ट यादीत आधीपासून क्रमाने लागलेले तुकडे शोधते आणि त्यांच्या लांब्या एकावर एक रचत जाते. या चळतीचा नियम असा: कुठलाही तुकडा त्याच्या वरच्या दोन तुकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा, आणि लगतच्या वरच्या तुकड्यापेक्षा तर मोठा हवाच. नियम पाळला की चळतीत खाली जाताना लांब्या भराभर वाढत जातात, त्यामुळे प्रचंड यादीलाही चळत लहानच पुरते. याच हिशेबावर जावाने मोठ्या याद्यांसाठी चळतीत फक्त ४० जागा ठेवल्या होत्या. नवा तुकडा आला की लूप फिरतो आणि नियम मोडत असेल तर शेजारचे तुकडे जोडून टाकतो.

आता आकडे घालून बघू. चळतीत खालून वर १२०, ८०, २५, २० आहेत. नियम नीट पाळलेला आहे. त्यावर ३० चा तुकडा आला. २० आणि ३० मिळून ५०, आणि खालचा तुकडा २५ चाच, म्हणजे नियम मोडला. लूप २५ आणि २० जोडून ४५ करतो. चळत झाली १२०, ८०, ४५, ३०. लूप पुन्हा वरचे तीन तपासतो: ४५ आणि ३० मिळून ७५, ८० त्याहून मोठा, ठीक. ४५ हा ३० पेक्षा मोठा, तेही ठीक. लूप थांबतो. पण एक पायरी खाली बघा. ८० आणि ४५ मिळून १२५ होतात, आणि त्यांच्याखाली आहे १२०.

नियम मोडला, आणि कोणाला पत्ता लागला नाही.

अशा जागी प्रोग्रामर असर्शन लिहितात. असर्शन म्हणजे कोडमध्येच केलेला दावा: इथे पोचल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. खोटी निघाली तर प्रोग्राम तिथल्या तिथे ओरडून थांबतो. लूपमध्ये हा दावा दर फेरीला खरा ठरला पाहिजे, मग फेरी पहिली असो की लाखावी. आता समजा, कोणी या लूपच्या शेवटी असर्शन टाकलं असतं. बहुतेकांनी काय लिहिलं असतं? वरचे तीन तुकडे नियमात आहेत, एवढंच. आणि ते कधीच खोटं ठरलं नसतं, कारण ते तीन नियमात बसेपर्यंत लूप थांबतच नाही. लूपची अटच दुसऱ्या शब्दांत लिहिली तर असर्शन आयुष्यभर खरं राहतं आणि काही शिकवत नाही. माझ्या मते लूपमधली निम्मी असर्शन्स याच जातीची असतात.

दावा करायचा तो पूर्ण चळतीबद्दल. तसा केला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब सोपा आहे. वरच्या उदाहरणातल्या पाच तुकड्यांची बेरीज २७५. जावातल्या टिमसॉर्टला २७५ घटकांच्या यादीत या लांब्यांचे तुकडे चालतात, म्हणजे तेवढी छोटी यादीही दावा खोटा पाडायला पुरली असती. याउलट चळतीच्या ४० जागा प्रत्यक्षात संपवून प्रोग्राम कोसळवायला संशोधकांना सुमारे ६.७ कोटी घटकांची, मुद्दाम रचलेली यादी लागली. साध्या टेस्टिंगमध्ये अशी यादी कोण देणार?

पूर्ण चळत दर वेळी तपासणं महाग नाही का? इथे नाही, चळत जेमतेम चाळीसची. पण हाच उत्साह सगळीकडे दाखवू नये. बायनरी सर्च दर फेरीला मधलं नाव बघते आणि डावी किंवा उजवी हद्द सरकवून यादीचा निम्मा भाग सोडून देते. त्यामुळे क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव शोधायला तिला सुमारे वीस फेऱ्या लागतात. तिथे दर फेरीला ‘पूर्ण यादी क्रमाने आहे’ असं असर्शन टाकलं, तर प्रत्येक फेरीत दहा लाख नावं चाळली जातील आणि शोधाचा सगळा वेग मातीत जाईल. ती तपासणी लूपच्या आधी एकदाच करावी. आत एवढंच विचारावं की डाव्या हद्दीच्या लगेच बाहेरचं नाव हव्या असलेल्या नावाच्या आधीचं आहे ना, आणि उजव्या हद्दीबाहेरचं नंतरचं आहे ना. दोन तुलनांत काम होतं.

यातही एक भोक राहतं. दावा दर फेरीला खरा, पण लूप संपतच नाही, असं होऊ शकतं. बायनरी सर्चमध्ये दोनच नावं उरली असताना डावी हद्द मधल्या जागेच्या पुढे न नेता मधल्या जागेवरच ठेवली, तर ती तिथेच अडकते. दावा खरा, प्रोग्राम लटकलेला. म्हणून फेरीच्या सुरुवातीला उरलेली लांबी बाजूला नोंदवून ठेवायची आणि शेवटी ती घटली का, हे तपासायचं. ही युक्ती जुनी आहे. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत मोठा प्रोग्राम कसा तपासावा यावर एक छोटा निबंध वाचला, त्यात जागोजागी दावे लिहिणं आणि प्रत्येक पावलाला घटत जाणारी राशी, दोन्ही आहेत. सुरुवातीला त्यांनी चक्क बेरजेचं उदाहरण घेतलंय: १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७ आणि ७७६८. नुसतं २६१०४ हे उत्तर दिलं तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका दमात करावी लागते. प्रत्येक रकान्याचा एकक आणि हातचा वेगळा लिहिला, ३९७४ आणि २२१३, की एकेक रकाना सुटा तपासता येतो.

एक सापळा मात्र ट्युरिंगच्या काळात नव्हता. जावात असर्शन्स मुद्दाम चालू करावी लागतात, पायथनमध्ये एका पर्यायाने ती गळून पडतात. त्यामुळे असर्शनच्या आत काम करायचं नसतं. रांगेतून एक घटक काढणं आणि ‘निघाला ना?’ हे विचारणं एकाच असर्शनमध्ये लिहिलं, तर प्रोग्रामरच्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. ग्राहकाकडे असर्शन्स बंद, घटक निघत नाही, रांग रिकामी होत नाही, लूप फिरतोच आहे.

टिमसॉर्टचं पुढे काय झालं? पायथनने लूपला एक पायरी खाली बघायला लावलं. जावाने लूप तसाच ठेवून चळतीच्या जागा ४० वरून ४९ केल्या. मला हे तेव्हाही ठिगळ वाटलं असतं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्या वाढवलेल्या जागाही अपुऱ्या ठरवणारी यादी रचून दाखवली, आणि जावाला पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

पायथनने २०२२ च्या ३.११ आवृत्तीत तुकडे जोडण्याचा नियमच बदलला आणि ‘पॉवरसॉर्ट’चा नियम घेतला. त्यात दोन लगतच्या तुकड्यांमधल्या सीमेला एक क्रमांक मिळतो आणि चळतीत खालून वर हे क्रमांक वाढतच जायला हवेत. खालचा क्रमांक नव्यापेक्षा मोठा असेपर्यंत लूप तुकडे जोडत राहतो. तो थांबला की खालचा क्रमांक नव्यापेक्षा लहान किंवा फार तर त्याच्याइतका आहे, एवढंच लूपवरून कळतं. लगेच खालच्या ओळीत एक असर्शन आहे, आणि त्याचा दावा लूपच्या अटीपेक्षा एक पाऊल पुढचा आहे: लहानच आहे, बरोबरीचा चालणार नाही.