‘कंडिशनवर’ या शब्दामागचे काका

येत्या रविवारी नागपुरात लहान विमानांचे काही मालक, उड्डाण प्रशिक्षक आणि देखभाल अभियंते एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या स्मरणार्थ एकत्र येणार आहेत. आम्ही सारे त्यांना काकाच म्हणत आलो, म्हणून या टिपणातही तोच उल्लेख ठेवला आहे. काका गेल्यापासून एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडते की, ते ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखे करण्याच्या, विरोधात होते आणि इंजिन ‘कंडिशनवर’, म्हणजे ठरलेल्या तासांऐवजी त्याच्या स्थितीवरून, चालवा असे सांगत. या वाक्याचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा अर्धाच खरा आहे. सभेत त्यांच्याविषयी बोलले जाईल तेव्हा या शब्दाचा इतिहास समोर असावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

नागपूरला विमानाच्या इंजिनांची जाण आली ती रात्रीच्या टपालामुळे. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरत, टपालाची पोती आणि प्रवासी यांची अदलाबदल होई, आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या शहरी परत गेलेले असे. चारांपैकी एक अडले की चारही शहरांचे टपाल अडणार, त्यामुळे डकोटा या टपाल नेणाऱ्या विमानाच्या इंजिनाचा बिघाड अंधारात, कंदिलाच्या उजेडात, आवाजावरून ओळखणारी माणसे इथे तयार झाली. काका हत्यारे धरायला शिकले ते अशाच माणसांच्या हाताखाली.

त्यानंतरचा काळ पुष्पकचा. १९५८ मध्ये पहिले उड्डाण केलेले, बंगळूरला बनलेले, कापडी आवरणाचे हे दोन आसनी विमान देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत पोहोचले आणि एका पिढीचे पहिले एकट्याचे उड्डाण त्यावर झाले. त्याचे ९० अश्वशक्तीचे इंजिन सोशिक होते. पुढच्या गोष्टीसाठी त्याची एकच बाब ध्यानात ठेवायची: त्याचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) खाली बसवलेला असे, त्यामुळे विमान महिना-दोन महिने उभे राहिले तरी त्याच्यावर तेलाचा ओलावा टिकून राही.

काकांना मी ओळखू लागलो तेव्हा पुष्पक मागे पडून सेसना या अमेरिकी कंपनीची लहान विमाने आली होती. त्याच वेळी अमेरिकेत एक मोठी घडामोड झाली होती आणि तिचा परिणाम इथवर पोहोचला. नुकसानभरपाईच्या दाव्यांनी बेजार झालेल्या सेसनाने १९८६ मध्ये एकेरी पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. १९९४ मध्ये तिथल्या कायद्याने उत्पादकाच्या जबाबदारीला १८ वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा कुठे त्या दशकाच्या उत्तरार्धात सेसनाचे चार आसनी विमान, नवी १७२, पुन्हा बाजारात आली. मधली दहा वर्षे जगभरातल्या मालकांकडे होती ती जुनीच विमाने, आणि ती सांभाळण्याचे ज्ञान कारखान्यापेक्षा मालकांच्या संघटनांकडे जास्त साठत गेले. एकाच जातीच्या विमानाचे मालक एकत्र येत, त्यांच्यातला एखादा जाणकार अभियंता सर्वांचा गुरू होई, आणि हजारो मैलांवरच्या मालकाला तो पत्राने किंवा फोनवर सांगे की अमुक सिलिंडर आत्ताच उतरवू नको, आधी अमुक तपास कर. अशा गुरूंच्या निधनानंतर तिकडचे मालक घरचे माणूस गेल्यासारखे हळहळतात. काका त्या संघटनांची मासिके मिळवून वाचत, कधी वर्षभर जुनी, आणि विदर्भात तेच काम ते एकट्याने, कोणतेही शुल्क न घेता करत राहिले.

आता मूळ शब्दाकडे येतो.

इंजिन किती तासांनी उघडायचे याचा आकडा उत्पादक देतो. लायकमिंग या इंजिन कंपनीच्या चार सिलिंडरच्या कित्येक इंजिनांसाठी तो २,००० तास आहे, आणि तास भरले नाहीत तरी बाराव्या वर्षी इंजिन उघडावे अशीही सूचना आहे. अमेरिकेत खासगी वापराच्या विमानाला हा आकडा कायद्याने बंधनकारक नाही. मालकाने वार्षिक तपासणी करून घ्यावी आणि तीत इंजिन सुस्थितीत दिसले तर उडवावे. आपल्याकडे विमानाचा देखभाल कार्यक्रम नियामकाकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यात लिहिलेली मुदत पाळावी लागते. तिकडची मासिके वाचून इकडे बोलणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. काका हा फरक प्रत्येक नव्या मालकाला पहिल्याच भेटीत सांगत, आणि मंजूर मुदतीपलीकडे परवानगीशिवाय एकही तास उडण्यास त्यांनी कधी संमती दिल्याचे मला आठवत नाही.

तरीही त्या आकड्यावर त्यांची श्रद्धा नव्हती, आणि त्याला आधार होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश किनारी विमानदलात पाणबुड्यांच्या शोधासाठी उडणाऱ्या बॉम्बरांचा अभ्यास काही शास्त्रज्ञांनी केला. दर ५० तासांनी होणाऱ्या नियमित तपासणीनंतर लगेच अनपेक्षित बिघाड वाढतात आणि पुढे तास जातील तसे ते कमी होतात, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, तपासणीसाठी उघडझाप केल्यानेच काही बिघाड घडत होते. तपासण्यांतले अंतर वाढवल्यावर प्रत्यक्ष उड्डाणाचे तास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. हा वृत्तांत १९७३ पर्यंत अप्रकाशित राहिला. तोवर विमान कंपन्यांतही हाच विचार सुरू झाला होता. १९७८ मध्ये एका अमेरिकी विमान कंपनीतल्या दोन अभियंत्यांनी तिथल्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. वयानुसार झिजून निकामी होण्याचा स्पष्ट कल फक्त ११ टक्के घटकांत दिसतो, असे त्यांनी मांडले. डीसी-८ या जुन्या जेट विमानात ३३९ घटकांना ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल लागत असे, तर त्यानंतरच्या डीसी-१० मध्ये अशा घटकांची संख्या ७ वर आली. हे दोन आकडे काकांच्या टेबलाच्या काचेखाली एका चिठ्ठीवर लिहिलेले असत.

या सगळ्या विचारातून ‘ऑन कंडिशन’ हा शब्द रूढ झाला आणि मराठीत बोलताना त्याचे ‘कंडिशनवर’ झाले. घसरण झाली ती इथे. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला की, चालते आहे तोवर चालवा. मूळ अर्थ याच्या जवळपास उलट आहे: ठरावीक काळाने स्थिती तपासायची, तिचा लेखी हिशेब ठेवायचा, आणि त्या हिशेबावरून उघडायचे की नाही हे ठरवायचे. जो तपासत नाही त्याला हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही, हे मी स्वतः त्यांच्याकडून रागाने ऐकले आहे.

ते तपासणे कसे असे, हे एकदा तपशिलाने सांगितले पाहिजे. तेल बदलले की फिल्टर फेकायचा नाही. कटरने त्याचा पत्रा गोल कापायचा, आतला चुण्यांचा कागद सुरीने सोडवून पांढऱ्या फडक्यावर लांब पसरायचा, आणि खिडकीपाशी उन्हात तिरपा धरून चकाकणारे कण शोधायचे. चुंबकाला चिकटले तर पोलाद, नाहीतर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. मग सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला ८० पौंडांच्या दाबाने हवा सोडून किती टिकते ते पाहायचे. गळती असेल तर कान लावायचा: एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. मी घाईने आकडा वाचून लिहायला लागलो की ते हात धरून थांबवत आणि म्हणत, “आकडा राहू दे, आधी इंजिन काय म्हणून राहिलं ते ऐक.” शेवटी बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीची दुर्बीण, आत घालून व्हॉल्व्हचा चेहरा पाहायचा. त्यावरचे डाग मध्याभोवती सारखे गोल असले तर ठीक, एका कडेला सरकलेले दिसले तर तो व्हॉल्व्ह जळू लागला आहे.

ज्या निर्णयावरून त्यांच्याविषयी अजून वाद होतो तो मी जवळून पाहिला आहे. एका गृहस्थाची १७२ होती, इंजिनाचे तास जेमतेम ६०० झालेले, वर्षेही शिल्लक. ती दोन पावसाळे जवळजवळ न उडता उभी होती. विकण्यापूर्वी काकांनी पाहावे, असे मालकांचे म्हणणे होते. फिल्टरमध्ये बारीक पोलादी कण निघाले. विक्री जुळवून देणाऱ्या मंडळींचे मत पडले की, एवढ्या कमी तासांच्या इंजिनात असे काही नसते, आणखी २५ तास उडवून पाहू. काकांनी ठाम नकार दिला आणि सिलिंडर उतरवून टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) पाहायला लावले. तिच्या लायकमिंग इंजिनात, पुष्पकच्या उलट, कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभे राहिले की तेल खाली ओघळते, दमट हवेत कॅमवर गंज धरतो आणि पुढे उडताना तो पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. तेच झाले होते. टॅपेटच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. व्यवहार मोडला, इंजिन मुदतीच्या खूप आधी ओव्हरहॉलला गेले, आणि खर्च एवढा आला की मालकांनी काकांशी बोलणे सोडले. आजही काहीजण म्हणतात की, २५ तास उडवून पाहणे हा मान्य मार्ग होता. तसा मार्ग आहे, हे खरे आहे. पण थोडे कण आढळले तर तो आहे, आणि त्या फडक्यावर किती होते ते मी पाहिले आहे.

ओव्हरहॉलच्या विरोधात असलेला माणूस असा निर्णय घेत नाही. दुसऱ्या एका मालकाचे इंजिन २,००० तासांनाही स्वच्छ होते. नियमाप्रमाणे ते उघडले गेले आणि मापे मर्यादेतच निघाली. तेव्हा काका एवढेच म्हणाले की, नियम पाळला ते बरोबर केले आणि लिहून ठेवा, कधीतरी कोणी वाचेल.

पुढचा इतिहास वेगाने घडला. गोंदियाजवळच्या बिरसीला मोठी उड्डाण प्रशिक्षण संस्था आली, नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात २०१५ पासून मोठ्या जेट विमानांच्या देखभालीचे केंद्र सुरू झाले, आणि परवानाधारक तरुण अभियंते साहजिकच तिकडे वळले. आयात होणारे पिस्टन विमानांचे इंधन २०२२ मध्ये देशातच तयार होऊ लागले. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून नव्या अधिनियमाने घेतली. प्रत्येक सिलिंडरचे तापमान सेकंदा-सेकंदाला नोंदवणारी उपकरणे आली, आणि पंचाहत्तरीनंतरही काका ते आलेख पडद्यावर मोठे करून तासन्‌तास पाहत. उन्हाळ्याविषयीचा त्यांचा आग्रहही या आलेखांनी पक्का झाला. सोनेगावची उंची सुमारे १,००० फूट असली तरी मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की इंजिन आणि पंख ५,००० फुटांवर असल्यासारखे वागतात, म्हणून दुपारी भरल्या टाकीने आणि चार माणसे घेऊन निघू नये, हे ते दर एप्रिलमध्ये प्रत्येकाला फोन करून सांगत.

पावसाळ्यात उभ्या विमानाचे इंजिन दर आठवड्याला दहा मिनिटे जमिनीवर चालवण्याची जुनी पद्धत त्यांनी आमच्यात बंद केली. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, जळणातून आलेले पाणी उडून न जाता तेलातच राहते, आणि गंजाला मदतच होते. उडवायचे तर तेल ८० अंशांच्या वर नेऊन तासभर उडवा, नाहीतर कोरडे ठेवणारे प्लग लावून प्रोपेलरला हातही लावू नका, असे ते सांगत. गेल्या जूनमध्ये आमच्या चारही विमानांचे प्लग त्यांनी स्वतः लावले होते आणि त्यातल्या सिलिकाचे निळे खडे गुलाबी झाले की बदलायला ते स्कूटरवरून येत. या वर्षीचे खडे आणून ठेवले आहेत. कोणत्या विमानाचे कोणी पाहायचे, हे रविवारी सभेनंतर हँगरमध्ये ठरेल.